मुद्रणप्रत : कादंबरी प्रकाशकाच्या हाती देण्यापूर्वी

इंग्रजी पुस्तकांच्या व्यवहारात लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये साहित्यिक एजंट नावाची एक व्यक्ती उभी असते. लेखकाची कादंबरी वाचून ती कोणत्या प्रकाशकाला रुचेल हे ठरवणे, करारातील अटींची घासाघीस करणे, परदेशी आणि चित्रपटविषयक हक्क विकणे आणि या कामाच्या मोबदल्यात लेखकाच्या उत्पन्नातून साधारणपणे पंधरा टक्के, परदेशी हक्कांच्या बाबतीत वीस टक्के, दलाली घेणे असे तिच्या कामाचे स्वरूप असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत लंडनमध्ये ए. पी. वॅट यांनी या व्यवसायाचा पाया घातला, असे सामान्यतः मानले जाते. मराठीत ही व्यवस्था रुजली नाही. कोपर, डोंबिवली, कल्याण किंवा ठाणे येथे राहून कादंबरी लिहिणारा लेखक ती थेट मुंबईच्या किंवा पुण्याच्या प्रकाशकाकडे पाठवतो, आणि पु. भा. भावे व शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक ज्या डोंबिवलीत राहिले तेथे ही वहिवाट पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. मध्ये एजंट नसल्यामुळे दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे लेखकाचे उत्पन्न वाटले जात नाही. आणि दुसरी, जिच्याकडे नवे लेखक पुरेसे लक्ष देत नाहीत, ती म्हणजे एजंटाने करावयाचे सगळे काम लेखकाच्याच अंगावर येते. प्रकाशकाच्या टेबलावर कादंबरीची बाजू मांडणारे दुसरे कोणी नसते. तेथे जी काही बाजू मांडली जाते ती कागदावर किंवा पडद्यावर दिसणारी प्रतच मांडते.

छापखान्याकडे जाण्यायोग्य अशा अंतिम प्रतीला मराठीत मुद्रणप्रत म्हणतात. तिच्या मांडणीचे जे नियम आज संगणकाच्या युगातही पाळले जातात, ते मुळात सौंदर्यदृष्टीतून आलेले नाहीत, तर हाताने खिळे जुळवण्याच्या पद्धतीतून आलेले आहेत. आरंभीच्या काळात तर पूर्ण कादंबरीची मुद्रणप्रत ही गोष्टच दुर्मीळ होती, कारण हरि नारायण आपटे यांच्यासारखे कादंबरीकार १८९० मध्ये निघालेल्या ‘करमणूक’सारख्या नियतकालिकातून प्रकरणाप्रकरणाने लिहीत, आणि पुढचे प्रकरण लिहून होण्यापूर्वी मागचे छापून वाचकांच्या हाती पडलेले असे. पुढे संपूर्ण कादंबरी एकदम पुस्तकरूपाने छापण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा जाडजूड हस्तलिखिताचे गठ्ठे छापखान्यात येऊ लागले. जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवणारा कामगार, हस्तलिखिताचे पान डोळ्यांसमोर ठेवून काम करी. मोठे काम असले की पाने अनेक जुळाऱ्यांत वाटली जात आणि नंतर ती पुन्हा क्रमाने लावावी लागत. कागदाच्या एकाच बाजूला लिहावे, प्रत्येक पानावर क्रमांक घालावा, समास म्हणजे कडेची कोरी जागा भरपूर सोडावी, दोन ओळींत अंतर ठेवावे, हे सारे संकेत या वाटपातून आणि जुळणीतून जन्मले. पाठपोट लिहिलेले पान दोघांना वाटून देता येत नाही, आणि क्रमांक नसलेले पान एकदा सुटले की ते कोठे बसवायचे हे लेखकावाचून कोणालाच सांगता येत नाही.

दोन ओळींतील अंतराला दुसरेही एक कारण होते, आणि ते संपादकाचे. मराठीत संपादन हे छापण्याइतकेच महत्त्वाचे काम मानणारी जी मोजकी घरे झाली, त्यांत मौज प्रकाशन गृहाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी १९८२ मध्ये बंद झालेल्या ‘सत्यकथा’ मासिकातून आणि मौजेच्या पुस्तकांतून लेखकाशी दीर्घ पत्रव्यवहार करून, वाक्यावाक्यावर थांबून, प्रसंगी सबंध प्रकरणाची पुनर्रचना सुचवून साहित्य घडवण्याची जी परंपरा निर्माण केली, तिला ओळींमधल्या कोऱ्या जागेची आणि रुंद समासाची शब्दशः गरज होती. दाटून भरलेल्या पानावर संपादकाला काही सुचवावयाचे असले, तरी ते लिहिण्यास जागा उरत नाही. आज बहुतेक संपादक संगणकावर, मजकुराच्या कडेला टिपा घालून हे काम करतात. तरीही छापील प्रत काढून हातात पेन घेऊन वाचणारे संपादक अजून आहेत, आणि लांबलचक मजकूर वाचणाऱ्या डोळ्यांची गरज तर बदललेलीच नाही.

इंग्रजीतील एजंटांना पाठवावयाच्या प्रतीचे संकेत जवळपास ठरून गेलेले आहेत. चारही बाजूंना एक इंच समास, बारा बिंदूंचा साधा ठसा, ओळींमध्ये दुप्पट अंतर, परिच्छेदाच्या पहिल्या ओळीला अर्धा इंच आत सरकवणे, प्रत्येक पानाच्या माथ्यावर लेखकाचे आडनाव, कादंबरीचे नाव व पृष्ठांक, आणि प्रत्येक प्रकरणाचा आरंभ नव्या पानावर, वरची साधारण एक तृतीयांश जागा मोकळी सोडून. टंकलेखन यंत्राच्या काळात सर्व अक्षरे सारख्या रुंदीची असल्यामुळे अशा एका पानावर सुमारे पंचवीस ओळी व अडीचशे शब्द बसत, आणि केवळ पाने मोजून कादंबरीच्या लांबीचा अंदाज येई. मराठी प्रतीसाठी हे संकेत बहुतांशी उपयोगी पडतात. मात्र ते जसेच्या तसे उचलणे योग्य नाही, कारण देवनागरी अक्षराची रचना निराळी आहे. शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार व रफार, आणि अक्षराच्या खाली उकार, ऋकार व काही जोडाक्षरांचे भाग असल्यामुळे बारा बिंदूंचे देवनागरी अक्षर त्याच मापाच्या रोमन अक्षरापेक्षा लहान व दाट भासते. म्हणून मराठी प्रतीसाठी चौदा बिंदूंचा ठसा आणि दीडपट ते दुप्पट अंतर अधिक सोयीचे ठरते. कागद ए-फोर आकाराचा असावा. उजवी कड सरळ करण्याचा मोह टाळलेला बरा, कारण मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येत असल्यामुळे शब्द लांब होतात, आणि दोन्ही कडा सरळ केल्या की मधल्या शब्दांत ओबडधोबड मोकळ्या जागा पडतात. परिच्छेद आत सरकवण्यासाठी कळफलकावरील मोकळ्या जागेची कळ पुनःपुन्हा दाबू नये. ती सोय परिच्छेदाच्या मांडणीतच करावी. नवे पान हवे असल्यास रिकाम्या ओळी टाकत जाऊ नये, तर पान तोडण्याची आज्ञा वापरावी, कारण ठसा बदलताच रिकाम्या ओळींचा सगळा हिशेब कोलमडतो आणि प्रकरणाचे शीर्षक पानाच्या तळाशी जाऊन बसते. एकाच प्रकरणात काळ किंवा स्थळ बदलत असेल तर मध्यभागी तीन फुल्या टाकाव्यात. नुसती एक ओळ मोकळी सोडली आणि ती नेमकी पान संपताना आली, तर अक्षरजुळणी करणाऱ्याला ती दिसतच नाही, आणि दोन वेगळे प्रसंग छापील पुस्तकात एकमेकांना चिकटतात.

येथवरचे नियम कोणत्याही भाषेला लागू पडतील. मराठी प्रतीची खरी अडचण याच्या पुढे सुरू होते, आणि ती फाँटची, म्हणजे संगणकावरील अक्षरठशांची आहे. १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक ही संस्था स्थापन झाली, भारतीय लिप्यांसाठी तंत्रज्ञान विकसित झाले आणि पुढे श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारखे ठसे छपाईच्या दुकानांत पसरले. या जुन्या ठशांत देवनागरी आकार संगणकातील रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर रोमनच असतो, फक्त त्यावर देवनागरी चेहरा चढवलेला असतो. त्यामुळे तोच ठसा नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की सबंध कादंबरीच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक मिळाला, आणि विंडोज २००० या प्रणालीबरोबर र. कृ. जोशी यांनी आरेखित केलेला मंगल हा ठसा आल्यानंतर घरगुती संगणकावर युनिकोड मराठी वापरणे हळूहळू शक्य झाले. आज कादंबरी युनिकोडमध्येच लिहावी, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. फोनवर टंकलेला मजकूरही युनिकोडच असतो, आणि लोकलच्या प्रवासात फोनवर प्रकरणे लिहिणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे.

परंतु लेखकाने युनिकोडमध्ये लिहिले म्हणजे प्रश्न संपला असे होत नाही. अनेक अक्षरजुळणीकार अजूनही पुस्तकाची पाने जुन्या ठशांतच लावतात, आणि त्यासाठी युनिकोड मजकूर परिवर्तकातून, म्हणजे एका संकेतातून दुसऱ्या संकेतात नेणाऱ्या प्रणालीतून, काढला जातो. या प्रवासात काही अक्षरे हमखास जखमी होतात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे मराठीत दोन भिन्न अर्थांचे शब्द आहेत. पहिल्यातील अर्धा र आडव्या रेषेसारखा, दुसऱ्यातील र रफार म्हणून येतो, आणि परिवर्तकात हा भेद पुसला गेला तर डोंगरातील दऱ्यांचा समुद्र होतो. ‘ॲ’ हे अक्षर एका स्वतंत्र क्रमांकाने लिहिता येते, तसेच ‘अ’ला चंद्र जोडूनही, डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाला ती वेगळी वाटतात, त्यामुळे ‘ॲड्व्होकेट’ हा शब्द दोन पद्धतींनी लिहिला गेला असेल तर एकदम शोधून दुरुस्त करताना अर्धी स्थळे निसटतात. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदी वळणांहून वेगळी आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाण रूप ठरवताना मराठी वळणांचा आग्रह धरला. फाइलमधील मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली, तर अनेक ठसे ही वळणे आपोआप दाखवतात. ती भाषा हिंदी अशी नोंदलेली राहिली तर मराठी कादंबरी हिंदी वळणांत उमटते. अवतरणचिन्हेही अशीच त्रास देतात. काही ठिकाणी सरळ, काही ठिकाणी वळणदार, कोठे एकेरी, कोठे दुहेरी अशी सरमिसळ झालेली प्रत दुरुस्त करण्यात मुद्रितशोधकाचे, म्हणजे प्रुफे तपासणाऱ्याचे, कित्येक तास जातात. या सर्वांवर उपाय सोपा आहे. संपादन करता येईल अशा फाइलबरोबर त्याच मजकुराची पीडीएफ पाठवावी, म्हणजे लेखकाच्या पडद्यावर पान कसे दिसत होते याचा न बदलणारा पुरावा प्रकाशकाकडे राहतो आणि शंका आल्यास ताडून पाहता येते.

शुद्धलेखनाचा प्रश्न याहूनही नाजूक आहे. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. उच्चारात न येणारे जुने अनुस्वार गेले ते या नियमांमुळेच. कादंबरीकाराच्या दृष्टीने या नियमांतील महत्त्वाची गोष्ट अशी, की पात्राच्या तोंडच्या भाषेत ‘करणं’, ‘फडकं’ अशी उच्चारानुसारी रूपे लिहिण्यास त्यांनी मुभा दिली आणि इतरत्र ‘करणे’, ‘फडके’ अशी रूपे सांगितली. गेल्या काही दशकांत निवेदनही बोलीरूपात लिहिण्याकडे अनेक लेखकांचा कल झाला आहे, आणि त्यात काही गैर नाही. मात्र एका परिच्छेदात ‘त्याने दार उघडले’ आणि पुढच्या परिच्छेदात ‘त्यानं दिवा लावला’ असे झाले, तर ती शैली ठरत नाही, तो गोंधळ ठरतो.

कोपरच्या परिसरात हा विचार विशेष निकडीचा होतो. दिवा आणि डोंबिवली यांच्यामधील या स्थानकात खालून मुख्य मार्ग व वरून वसई-दिवा मार्ग जातो, आणि भोवतीच्या वस्तीत आगरी समाजाच्या जुन्या गावठाणांची बोली आणि महाराष्ट्राच्या सर्व भागांतून इमारतींमध्ये राहावयास आलेल्या कुटुंबांची मराठी एकाच रस्त्यावर ऐकू येते. या परिसरावर कादंबरी लिहिणाऱ्याला संवादांत आगरी आणावीच लागेल, आणि आगरीत ‘ण’च्या जागी ‘न’ व ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो. ‘पाणी’च्या जागी मुद्दाम लिहिलेले ‘पानी’ किंवा ‘डोळा’च्या जागी लिहिलेले ‘डोला’ हे रूप आगरी न जाणणारा मुद्रितशोधक प्रामाणिकपणे, आपले कर्तव्य म्हणून, दुरुस्त करील. आणि चाळीस ठिकाणी दुरुस्त होऊन दहा ठिकाणी तसेच राहिले, तर ते पात्र ना आगरी बोलेल ना प्रमाण मराठी. यासाठी प्रतीच्या आरंभी लेखनसंकेतांचे एक पान जोडणे अत्यावश्यक समजावे. कोणती पात्रे कोणती बोली बोलतात, त्या बोलीची कोणती रूपे जाणीवपूर्वक ठेवली आहेत, पात्रांची व गावांची नावे कशी लिहिली आहेत, आकडे अक्षरी आहेत की अंकी, हे त्या पानावर स्पष्ट सांगितले की पुढच्या प्रत्येक हाताला ते मार्गदर्शक ठरते. मराठी प्रकाशनव्यवहारात हे पान अजून क्वचितच दिसते. बोलीभाषेतील लेखन वाढत असताना ते रूढ व्हावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

प्रतीच्या पहिल्या पानावर कादंबरीचे नाव, लेखकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी, ईमेल आणि एकूण शब्दसंख्या असावी. शब्दसंख्या पूर्णांकात, जवळच्या हजारापर्यंत, दिली तरी पुरते. प्रकाशकाला तिची गरज खर्चाच्या अंदाजासाठी असते: पुस्तक सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापले जाते, आणि डेमी आकाराच्या पानावर सुमारे तीनशे शब्द बसतात असे धरले, तर पंचाहत्तर हजार शब्दांच्या कादंबरीची अडीचशे पाने, म्हणजे आरंभीची पाने धरून जेमतेम सोळा-सतरा फॉर्म होतात, आणि किंमत त्यावरून ठरते. प्रत्यय जोडून येत असल्यामुळे मराठीत तोच आशय इंग्रजीपेक्षा कमी शब्दांत बसतो, तेव्हा इंग्रजी कादंबरीच्या ऐंशी हजार ते एक लाख शब्दांच्या रूढ अपेक्षा मराठीला लावू नयेत.

सोबतचे पत्र एका पानाचे असावे आणि त्यात कादंबरी कशाविषयी आहे, लेखकाचे यापूर्वीचे लेखन कोठे प्रसिद्ध झाले आहे आणि याच प्रकाशकाकडे ती का पाठवली आहे, एवढेच सांगावे. कथासार मात्र वेगळ्या कागदावर, दीड-दोन पानांत, शेवटासह द्यावे. शेवट उघड केला तर उत्सुकता मरेल ही नव्या लेखकांची भीती निराधार आहे, कारण कथासार वाचकासाठी नसते. कादंबरीची रचना शेवटपर्यंत तोलली गेली आहे की नाही हे संपादकाला त्यावरून पाहावयाचे असते. एजंटांना बहुधा पहिली तीन प्रकरणे पाठवतात, तर मराठी प्रकाशक बहुधा संपूर्ण प्रत मागतात. तरीही आधी पत्र पाठवून विचारणे सभ्यतेचे आणि सोयीचे ठरते.

कोणाकडे पाठवावे, याचे उत्तर शोधण्यासाठी ठाणे जिल्ह्यातील लेखकाला दूर जावे लागत नाही. १८६४ मध्ये स्थापन झालेले कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आणि १८९३ पासूनचे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय यांच्या कपाटांसमोर एक दुपार घालवली, तर कोणता प्रकाशक ऐतिहासिक कादंबऱ्या काढतो, कोणता अनुवादांवर भर देतो, नव्या लेखकाची पहिली कादंबरी गेल्या काही वर्षांत कोणी छापली, हे पुस्तकांच्या आरंभीच्या पानांवरून कळते. २०१७ मध्ये डोंबिवलीला भरलेल्या नव्वदाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासारख्या प्रसंगी प्रकाशकांच्या सूची एकत्र मिळतात, त्याही जपून ठेवण्यासारख्या असतात. ज्याचे एकही पुस्तक प्रसिद्ध झालेले नाही अशा लेखकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तेथे प्रवेशिकेसोबत मागितलेल्या स्वरूपातच प्रत द्यावी लागते, आणि योजनेची त्या वर्षीची पत्रके वाचल्याशिवाय ती तयार करू नये.

प्रत पाठवली की कोणी चोरील, ही धास्ती अनेकांना असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखन पूर्ण होताच हक्क लेखकाचा होतो, तो त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, आणि नोंदणी ऐच्छिक आहे. प्रत्येक पानावर धमकीवजा सूचना छापण्याने संपादकाचा केवळ रसभंग होतो. खरे लक्ष करारावर असावे. हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे समजली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता समजला जातो, असे त्याच कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात म्हटले आहे, आणि एजंट नसलेल्या मराठी लेखकाने निदान हे कलम तरी वाचलेले असावे.

मराठी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद करण्याचा विचार असेल तेव्हाच एजंटाचा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी जेरी पिंटो यांच्या अनुवादातून २०१३ मध्ये इंग्रजीत आली, आणि अशा वाटेने जाऊ इच्छिणाऱ्याने संपूर्ण अनुवादाची घाई न करता दोन-तीन प्रकरणांचा उत्तम नमुना, कथासार व मूळ पुस्तकाची माहिती एवढे तयार ठेवावे. त्या नमुन्याला मात्र वर सांगितलेले इंग्रजी संकेत काटेकोरपणे लावावेत, आणि मूळ हक्क कोणाकडे आहेत हे मराठी प्रकाशकाशी झालेल्या करारावरून आधी तपासून घ्यावे.

प्रत रवाना झाल्यावर निर्णयास अनेक महिने लागू शकतात, कारण प्रकाशक ती बहुधा एक-दोन जाणकार वाचकांकडे अभिप्रायासाठी पाठवतो. या काळात एखादे प्रकरण सुधारावेसे वाटले, तर सुटी पाने किंवा दुरुस्त्यांची यादी पाठवत राहू नये. त्यातून कोणती प्रत अखेरची हेच कोणाला कळेनासे होते. फाइलच्या नावात कादंबरीचे नाव, लेखकाचे आडनाव आणि तारीख असावी, पाठवलेली प्रत जशीच्या तशी स्वतःकडे वेगळी ठेवावी, आणि नवे फेरफार त्याच तारखेच्या फाइलमध्ये न करता दुसऱ्या तारखेच्या फाइलमध्ये करावेत. प्रकाशकाने होकार दिल्यावर, अक्षरजुळणी सुरू होण्यापूर्वी, ती नवी फाइल एकदाच व संपूर्ण पाठवावी आणि सोबतच्या पत्रात कोणत्या प्रकरणांत बदल केले आहेत ते नमूद करावे.